सोळाशेच्या पुढे

पहाटे पाचच्या आत चारठाण्यात या. जिंतूर तालुक्यातलं हे गाव अजून पुरतं जागं झालेलं नसेल. यादवकाळातली देवळं आणि तो उंच दगडी स्तंभ अंधारात नीट दिसणार नाही, पण गोकुळेश्वराच्या देवळाजवळची बारव सापडेल. बूट काढू नका, पुढे धावायचं आहे. पाण्याची बाटलीही बरोबर असू द्या.

या प्रवासाचे नियम दोनच. पहिला, तुम्हाला कुणी पाहणार नाही. पण दम लागेल, थंडी वाजेल, पायांत गोळे येतील. दुसरा, जे घडून गेलंय त्यात हात घालायचा नाही. कुणी तुमच्यासमोर अडखळून पडलं तरी त्याला सावरायचं नाही.

तुम्हाला जायचंय मराठवाड्याच्या एका धावणाऱ्या माणसामागे. गाव सोडून गेल्याशिवाय त्याला धावपटू होता आलं नाही. त्याची वाट समजायला मात्र आणखी काही स्थलांतरितांना भेटावं लागेल. बारवेची पहिली पायरी उतरा.

बेळगाव, १ ऑक्टोबर १९४१

कॅम्पाचा भाग, लाल माती, पावसाळा सरल्याची ओल. दुसरं महायुद्ध पेटलेलं आहे आणि इथे एक नवी पलटण उभी राहतेय, महार रेजिमेंट. रांगेतल्या जवानांकडे नीट बघा. यांच्या आजोबांच्या पिढीने इंग्रजांच्या फौजेत नोकरी केली होती. मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात महारांची भरतीच बंद झाली. ते दार पुन्हा उघडावं म्हणून वर्षानुवर्षं अर्ज-विनंत्या झाल्या. सुभेदार रामजी सकपाळांच्या मुलाने, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, हा प्रश्न थेट व्हाइसरॉयच्या दरबारापर्यंत नेऊन लावून धरला.

धावण्याचा इथे काय संबंध, असं तुमच्या मनात येईल. संबंध दाराचा आहे. कोरडवाहू मुलखातल्या माणसाला गावाबाहेर पडायच्या वाटा थोड्या: उसाचा फड, वीटभट्टी, गिरणी आणि फौज. पहिल्या तीन वाटांनी गेलेला माणूस सहसा मोजला जात नाही. चौथ्या वाटेवर नाव लिहून घेतात, दोन वेळचं जेवण देतात आणि छातीवर क्रमांक लावतात. ही रेजिमेंट पुढे सगळ्या देशातल्या, सगळ्या जातीधर्मांच्या जवानांची झाली. आजची तारीख तेवढी लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अटलांटा, ३१ जुलै १९९६

दोन पायऱ्या उतरलात आणि एकदम हजारोंचा गलका. ऑलिंपिकची ८०० मीटरची अंतिम शर्यत. आठ जण रेषेवर उभे आहेत. त्यांच्यात विल्सन किपकेटरला शोधा. सापडणार नाही.

त्याचा जन्म केनियातला. १९९० मध्ये तो इलेक्ट्रॉनिक्स शिकायला डेन्मार्कला गेला, तिथेच राहिला, तिथल्या गारठ्यात धावला. मागच्याच वर्षी गोथेनबर्गला त्याने डेन्मार्कच्या बनियनवर विश्वविजेतेपद मिळवलंय. जागतिक स्पर्धेला ते चाललं. ऑलिंपिकला पुरतं नागरिकत्व लागतं आणि ते त्याच्या हातात अजून पडलेलं नाही. जगातला सगळ्यात वेगवान ८०० मीटरवाला आज कागदासाठी घरी बसलाय. नॉर्वेचा वेब्योर्न रोडाल १ मिनिट ४२.५८ सेकंदांत जिंकतो. टाळ्या वाजवा, त्याने काही चोरलेलं नाही. महिन्याभरात इटलीतल्या रिएतीला किपकेटर १:४१.८३ धावेल आणि अटलांटाच्या सुवर्णपदकावर एक प्रश्नचिन्ह कायमचं लागून राहील.

पुढची पायरी कोलोनची, २४ ऑगस्ट १९९७. इथे त्याच्या शेजारून धावून बघा. पहिला फेरा पन्नास सेकंदांच्या आसपास संपतो. तिथपर्यंत तुम्ही टिकलात असं समजू. तिसऱ्या दोनशे मीटरला मांड्यांत शिसं ओतल्यासारखं होतं. मध्यम पल्ल्याची खरी मेख इथेच आहे. शंभर मीटरला विचार करायला वेळ नसतो आणि मॅरेथॉनला दमाने घेता येतं. इथे श्वास पुरत नाही आणि वेगही सोडता येत नाही. किपकेटरच्या खांद्यांत मात्र ताण दिसत नाही. १:४१.११. अकरा दिवसांपूर्वी झुरिकला केलेला स्वतःचाच विश्वविक्रम त्याने मोडलाय. हा आकडा तेरा वर्षं टिकेल.

पुढच्या वर्षी त्याला मलेरिया गाठतो. सावरून तो सिडनीला २००० मध्ये पहिल्यांदा ऑलिंपिकच्या रेषेवर उभा राहतो, तेव्हा जर्मनीचा निल्स शुमान त्याला सहा शतांश सेकंदांनी मागे टाकतो. १:४५.०८ आणि १:४५.१४. दार उघडलं, पण त्याच्या पायांतली सगळ्यात चांगली वर्षं दाराबाहेर गेली होती.

पॅरिस, ऑगस्ट २००३

आता शर्यत बदलते. तीन हजार मीटर स्टीपलचेस: अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरची उडी. पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच असतो. एकशे दहा मीटरवाल्यांच्या हर्डलसारखा तो पाय लागला तर पडत नाही, तुम्हीच पडता.

जागतिक स्पर्धेची अंतिम शर्यत चालू आहे. कतारच्या बनियनमधला सैफ सईद शाहीन केनियाच्या एझेकिएल केम्बोईला मागे टाकून जिंकतो. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत याचं नाव स्टीफन चेरोनो होतं आणि तो स्वतः केनियाचा होता. १९९९ चा विश्वविजेता ख्रिस्तोफर कोसगेई त्याचा भाऊ. आता देश नवा आणि नावही नवं. पुढच्या वर्षी ब्रसेल्सला तो ७:५३.६३ असा विश्वविक्रम करतो, पण अथेन्सच्या ऑलिंपिकला जाऊ शकत नाही. देश बदलल्यावर जो काळ थांबावं लागतं त्यात सूट द्यायला केनियाने नकार दिला. तिथे केनियाने तिन्ही पदकं नेली.

डेन्मार्कने किपकेटरला शिकायला बोलावलं होतं, कतारने शाहीनला जिंकायला बोलावलं. दोघंही जगात सगळ्यात वेगवान असताना एकेका ऑलिंपिकला मुकले. पायांचा निर्णय फाइलीत होतो, हे ध्यानात ठेवून आता आपल्या मुलखात या.

मांडवा, आष्टी तालुका, २००४

बीड जिल्ह्याचं पश्चिम टोक, पर्जन्यछायेचा पट्टा. उजाडायच्या आत वीटभट्टीवर माणसं कामाला लागलीत. पायाने गारा तुडवायचा, साच्यात दाबायचा, ओळीने विटा काढायच्या, वाळत आल्या की उभ्या करायच्या, मग भट्टी रचायची. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने. आधी घेतलेली उचल फिटेपर्यंत तो हिशेब मजुराच्या बाजूचा होत नाही.

या मजुरांत एक जोडपं आहे साबळे नावाचं. त्यांचा मुलगा अविनाश, जन्म १३ सप्टेंबर १९९४, आता दहा वर्षांचा होत आलाय. शाळा सहा किलोमीटरवर आणि गाडीची सोय नाही. तो निघाला की त्याच्या मागे लागा. दप्तर पाठीवर आपटतंय, पायवाटेवर खडी आहे. तो सराव करत नाहीये. शाळेची घंटा गाठायची म्हणून धावतोय, कधी चालतोय, पुन्हा धावतोय. हे फार रम्य करून सांगायची आपल्याकडे खोड आहे. सहा किलोमीटर चालत जाणारी मुलं त्या पट्ट्यात पुष्कळ होती आणि त्यातली बहुतेक शाळेतून गळाली. अंतराने धावपटू घडत असते तर मराठवाड्याने केनियाला कधीच गाठलं असतं.

तुम्हाला वाटेल, थांबवावं आणि सांगावं, बाळा, तू ऑलिंपिकला जाणार आहेस. नियम आठवा. त्याला तर आत्ता गृहपाठाचीच काळजी आहे.

सियाचीन, २०१३

बारावीनंतर हा मुलगा भरतीला उभा राहिला. लष्कराच्या भरतीत तेव्हा पहिली परीक्षा १.६ किलोमीटर धावण्याची असायची. आपल्याकडची पोरं तिला नुसतं 'सोळाशे' म्हणतात. तो सोळाशे त्याने काढला आणि १९४१ मध्ये बेळगावला तुम्ही पाहिलेल्या रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये, ५ महारमध्ये, दाखल झाला.

आता अंगावर असेल ते सगळं घट्ट ओढून घ्या. सियाचीन. हवा इतकी विरळ की चार पावलांनंतर थांबावं लागतं. थंडी शून्याच्या कितीतरी खाली. इथे कुणी धावपटू घडवायला आलेलं नाही, चौकी सांभाळायला आलंय. इथून पुढे राजस्थानचं वाळवंट, मग सिक्कीम. उसाच्या टोळीबरोबर जाणाऱ्याला मुक्काम बदलावा लागतो तसाच जवानालाही, एवढंच की इथे तेव्हा मुलांची शाळा आणि म्हातारपणाचं पेन्शन ठरलेलं असायचं.

२०१५ मध्ये सैन्यातल्या क्रॉसकंट्री शर्यतींत तो धावू लागला. मधे दुखापत झाली, वजन वाढलं. तेवढ्यावर गोष्ट संपली असती तर त्याच्याबद्दल आज कुणी लिहिलं नसतं. सोळाशे काढून नोकरी लागलेला एक चांगला जवान, गावाकडे पक्कं घर, भावकीत मान. पण २०१७ मध्ये सैन्यातले प्रशिक्षक अमरीश कुमार यांची नजर त्याच्यावर पडली. हा स्टीपलचेसचा माणूस आहे, असं त्यांनी ओळखलं. इथे दोन मिनिटं थांबा. पुढचं सगळं या नजरेवर उभं आहे.

भुवनेश्वर, सप्टेंबर २०१८

गोपाल सैनी यांनी १९८१ मध्ये टोकियोला ८:३०.८८ असा स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम केला होता. अविनाशच्या जन्माच्याही तेरा वर्षं आधीचा. सदतीस वर्षं भारतात कुणाला तो हलवता आला नाही. आज अविनाशचं घड्याळ ८:२९.८० वर थांबतं. एक सेकंद आणि आठ शतांश. एवढ्याशा फटीतून पुढची सहा वर्षं विक्रम खाली खाली येत राहतील आणि दर वेळी मोडणारा हाच असेल.

दोहा, १ ऑक्टोबर २०१९

पुन्हा तीच तारीख. जागतिक स्पर्धेची पात्रता फेरी. तुम्ही वळणावर उभे राहा. इथिओपियाचा ताकेले निगाते पडतो, मागचा अविनाश त्याच्यात अडकतो, वेग तुटतो. तुमचा हात आपोआप पुढे होईल, मागे घ्या. तो उठतो, अंतर तोडत जातो, ८:२५.२३ असा नवा राष्ट्रीय विक्रम करतो आणि तरीही बाहेर पडतो.

मैदानावर आता काही घडणार नाही. पंचांच्या खोलीकडे चला. भारताच्या पथकाने लेखी दाद मागितलीय: आमच्या खेळाडूची वाट अडली. दाद मान्य होते. तीन दिवसांनी अंतिम फेरीत तो ८:२१.३७ धावतो, तेरावा येतो आणि टोकियो ऑलिंपिकची पात्रता गाठतो. या शर्यतीत ऑलिंपिकला जाणारा १९५२ च्या गुलझारासिंग मान यांच्यानंतरचा तो पहिला भारतीय. पळणाऱ्याच्या मागे कागद लढवणारं कुणी असलं की काय होतं ते तुम्ही पाहिलंत. अटलांटात किपकेटरचं घोडं नेमकं कागदावर अडलं होतं.

कोलोरॅडो स्प्रिंग्ज, २०२२

समुद्रसपाटीपासून अठराशे मीटरवर. सकाळ कोरडी, नाक चुरचुरतं. अविनाश इथे स्कॉट सिमन्स यांच्या हाताखाली सराव करायला आलाय. सिमन्स यांच्या गटातली नावं ऐका: पॉल चेलिमो, लेनर्ड कोरिर, हिलरी बोर. तिघंही केनियात जन्मले, अमेरिकेत शिकायला आले आणि अमेरिकी लष्करात भरती झाले. परक्या भाषा येणाऱ्या परदेशी तरुणांना सैन्यात घेऊन लवकर नागरिकत्व द्यायची एक योजना तेव्हा तिथे होती. चेलिमो २०१४ मध्ये सैन्यात गेला, नागरिक झाला आणि दोन वर्षांत रिओला ५००० मीटरचं रौप्य घेऊन आला. लष्करातलं त्याचं काम पाणी शुद्ध करण्याचं.

म्हणजे आष्टीच्या पोराला आणि केनियाच्या पोराला वर चढायला एकच जिना सापडला, गणवेशाचा. फरक इतकाच की एकाला देश बदलावा लागला. दुसऱ्याला देश तोच राहिला, पण त्याच्या आत इतकं अंतर कापावं लागलं की मांडव्याहून सियाचीन आणि तिथून कोलोरॅडो हाही परदेशगमनाचाच प्रकार म्हणावा.

त्याच वर्षी मे महिन्यात कॅलिफोर्नियात त्याने ५००० मीटरला १३:२५.६५ वेळ नोंदवली आणि बहादूर प्रसाद यांचा तीस वर्षांचा विक्रम मोडला.

बर्मिंगहॅम, ६ ऑगस्ट २०२२

अलेक्झांडर स्टेडियम, राष्ट्रकुल स्पर्धा. १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदकं दर खेपेला केनियाच नेत आलाय. केनियाबाहेरचा शेवटचा पदकवाला १९९४ चा कॅनडाचा ग्रेम फेल, आणि तो जन्माने इंग्लंडचा! स्थलांतरित या शर्यतीत पावलोपावली भेटतात.

शेवटच्या फेरीची घंटा वाजते. केनियाचे अब्राहम किबिवोत आणि अमोस सेरेम, आणि त्यांच्यात घुसलेला निळ्या बनियनमधला अविनाश. शेवटचा अडथळा, मग सरळ पट्टा. घसा कोरडा पडलाय? तुमचा पडू द्या, त्याला वेळ नाही. किबिवोत ८:११.१५, अविनाश ८:११.२०. पाच शतांश सेकंद. पदक रुपेरी असलं तरी केनियाची मिरासदारी मोडली.

हांगझोउ, १ ऑक्टोबर २०२३

बेळगावची तारीख आठवली? बरोबर ब्याऐंशी वर्षांनी ५ महारचा जवान आशियाई स्पर्धेच्या स्टीपलचेसमध्ये सुरुवातीपासून पुढे आहे. आज कुणाच्या खांद्याआड लपायचं नाही, डाव नाही, घाई नाही. मागे कुणी दिसेना इतकं अंतर त्याने पाडलंय. ८:१९.५०, स्पर्धेचा विक्रम. ही शर्यत आशियाई स्पर्धेत जिंकणारा पहिला भारतीय पुरुष.

परत फिरू नका, आणखी तीन दिवस थांबा. ४ ऑक्टोबरची ५००० मीटरची शर्यत बघायचीय. सुवर्ण बिरहानू बालेव, रौप्य अविनाश, कांस्य दावित फिकादू. पहिला आणि तिसरा दोघंही बहरीनचे, दोघांचाही जन्म इथिओपियाचा. विजयमंचावर तिघं उभे राहिले की नीट बघा. तिघांची गावं या मैदानापासून दूर आणि तिघांनाही घर सोडल्यावर पळायला मिळालं. दोघांना तेलाच्या पैशाने आणलं, एकाला पलटणीने. दोघांच्या बनियनवर आईबापाचा देश नाही, आणि त्यांना नावं ठेवायच्या आधी त्यांच्या गावात दुसरी कोणती वाट होती ते विचारावं.

पॅरिस, २०२४

७ जुलै: डायमंड लीगमध्ये ८:०९.९१, आजवरचा त्याचा सर्वोत्तम. ७ ऑगस्ट: ऑलिंपिकची अंतिम फेरी. या शर्यतीत तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. सुरुवातीला तो पुढे घुसतो, मग मोठी टोळी त्याला गिळते. शेवटच्या फेरीत इथिओपियाचा लमेचा गिर्मा अडथळ्यावर जोराने आपटतो आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागतं. मोरोक्कोचा सुफियान अल बक्काली जिंकतो. अविनाश ८:१४.१८ मध्ये अकरावा. त्या रात्री आपल्याकडे 'भारताची निराशा' म्हणणारे पुष्कळ होते. विटा थापणाऱ्या घरातला माणूस ऑलिंपिकमध्ये अकरावा येतो याला निराशा म्हणायला फार सुखवस्तू असावं लागतं.

चारठाणा, आज

बारवेतून वर आलात तर उजाडलेलं असेल. गावाबाहेर रस्त्यावर या. पोरं सोळाशेचा सराव करतायत, पोरी आठशेचा. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, आणि दोन्हीला वीस गुण. मध्यम पल्ल्याची शर्यत मराठवाड्यात क्रीडासंकुलापेक्षा जास्त अशा रस्त्यांवरच धावली जाते, आणि धावणाऱ्यांतल्या फार थोड्यांना आपण खेळाडू आहोत असं वाटतं.

एक पोरगा तुमच्यापाशी येऊन थांबेल, हातातला मोबाईल दाखवेल. "काका, टायमिंग बसलं!" पूर्ण गुणांची वेळ त्याने गाठलीय. शाबासकी द्या, ती त्याची कमाई आहे.

आता भरतीच्या गुणांच्या तक्त्याकडे बघा. ठरलेल्या वेळेत आलेल्याला वीस गुण, त्याच्याही तीस सेकंद आधी आलेल्याला वीसच. भरतीच्या दृष्टीने हे चूक नाही. पोलिसाला ऑलिंपिकला जायचं नसतं. पण त्या तीस सेकंदांत एखादा साबळे असेल तर तो कागदावर कुठेच उमटत नाही. स्टीपलचेस तीन हजार मीटरची. सोळाशे झाले की चौदाशे उरतात. सोळाशे पोरगा स्वतःच्या पायांवर काढतो, पोटातली भूक त्याला धाववते. पुढचे चौदाशे कुणीतरी काढून घ्यावे लागतात: एखादे अमरीश कुमार, पंचांकडे दाद मागणारं पथक, उंचावरच्या सरावाचा खर्च उचलणारी संस्था. किपकेटरला शाळा मिळाली, चेलिमोला फौज, शाहीनला कतारचा पैसा. अविनाशला सैन्यात एक जाणती नजर मिळाली, आणि तीही भरतीनंतर काही वर्षांनी.

म्हणून त्या पोराचं गुणपत्रक बघून थांबू नका. त्याला दम घेऊ द्या आणि विचारा, पूर्ण गुणांच्या आत तू किती सेकंद आलास? तो आकडा वहीत लिहून ठेवा, नाव-गावासकट परभणीच्या जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे पोचवा. त्यांनी काही केलं नाही तर पुढच्या महिन्यात नवा आकडा घेऊन पुन्हा जा. वीसपैकी वीसच्या वरचं मोजणारं कुणी नसेल, तर पुढचे चौदाशे मीटर नशिबाच्याच हवाली राहतील.